पावसाळी सकाळी इंजिन सुरू होत नाही: इमोबिलायझरला पुरेशी वीज मिळते का, हे कसे तपासावे?

खानापूरवासी:
आमची पेट्रोल मोटार रात्रभर पावसात उभी राहिली, की सकाळी सेल्फ व्यवस्थित फिरतो, पण इंजिन सुरू होत नाही. स्विच ऑन केल्यावर डॅशबोर्डवरील किल्लीच्या चिन्हाचा दिवा नेहमीप्रमाणे विझतो, मात्र सेल्फ मारताना तो पुन्हा लुकलुकू लागतो. दुपारी ऊन पडल्यावर काहीच अडचण येत नाही. फ्यूज शाबूत असून बॅटरी 12.5 व्होल्ट दाखवते. एका गॅरेजने इमोबिलायझरचे (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेचे) युनिटच बदलण्यास सांगितले आहे. एवढा खर्च करण्यापूर्वी आणखी काय तपासता येईल?

निपाणीचा वायरमन:
युनिट तूर्तास बदलू नका. स्विच ऑन करताच दिवा विझतो, म्हणजे लॉकभोवतीच्या कॉइलने किल्लीतील चिप वाचली आणि युनिटने ती ओळखली. ते बिघडलेले असते, तर दुपारी ऊन बघून बरे झाले नसते! आपण मोजलेले 12.5 व्होल्ट बॅटरी विश्रांतीत असतानाचे आहेत. सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा, आकडा 9.6 च्या खाली गेला, तर आधी बॅटरी आणि टर्मिनल पाहा. तो ठीक असेल, तर मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टर्मिनलला आणि दुसरी युनिटच्या अर्थच्या (प्रवाह गाडीच्या पत्र्यामार्फत बॅटरीकडे परतण्याच्या वाटेच्या) पिनला लावून पुन्हा सेल्फ मारा. तेथे 0.2 व्होल्टहून अधिक दिसले, तर दोष अर्थच्या वाटेत आहे.

घाटमाथा:
याला एक पुस्ती जोडतो. तारेचा एकच धागा शिल्लक असला, तरी भार नसताना मल्टिमीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. म्हणून युनिटचा कनेक्टर काढून त्याच्या पुरवठा व अर्थ या दोन पिनांमध्ये 5 वॅटचा बल्ब जोडावा. तो मंद पेटला, तर फ्यूज शाबूत असूनही वाटेत कुठेतरी गंज आहे. संदेशांच्या बारीक तारांना मात्र हा बल्ब कदापि लावू नये.

खानापूरवासी:
आज सकाळी गाडी अडलेली असतानाच मोजले. सेल्फ फिरताना बॅटरीवर 10.4 व्होल्ट राहिले, पण अर्थच्या वाटेत 1.9 व्होल्ट हरवत होते. डाव्या बाजूच्या पायदानाजवळील अर्थचा बोल्ट हिरवट पडला असून तेथील गालिचा ओला आहे. इंधनपंपाची अर्थही त्याच बोल्टवर आहे.

निपाणीचा वायरमन:
मग सगळे जुळते. सेल्फ मारताना पंपही चालतो, त्याचा प्रवाह त्याच गंजलेल्या बोल्टमधून परततो आणि युनिटच्या वाट्याला जेमतेम 8.5 व्होल्ट उरतात. बॅटरीची ऋण तार सोडवून बोल्ट काढा, खालचा पत्रा चमकेपर्यंत घासा, बोल्ट घट्ट आवळल्यानंतरच वरून ग्रीस लावा आणि तीच मोजणी पुन्हा करा. समोरच्या काचेखालील जाळीत पाने साचून पाण्याची वाट बंद झाली आहे का, हेही पाहा. जांबोटी-चोर्ला पट्ट्यात झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत पाणी बहुधा तेथूनच आत उतरते.