चर्चा : निवासी बालगृहांत सहा महिन्यांनी दिली जाणारी जंताची गोळी पुरेशी आहे का?

बालरोगतज्ज्ञ (मूळ मत)

मी अनेक वर्षे दोन निवासी बालगृहांत तपासणीसाठी जातो. दोन्हीकडच्या नोंदवहीत दर सहा महिन्यांनी एकच वाक्य उतरलेले असते : 'सर्व मुलांना जंताची गोळी दिली.' ती कोणत्या जंतासाठी दिली, हे मात्र वहीत कुठेच सापडत नाही.

अल्बेंडाझोलची, म्हणजे याच जंताच्या औषधाची, ४०० मिलिग्रॅमची गोळी सरसकट देण्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला गोलकृमी, अंकुशकृमी आणि चाबूककृमी या मातीतून पसरणाऱ्या कृमींसाठी आहे. मुलांमधील संसर्ग २० टक्के किंवा अधिक असेल तिथे वर्षातून एकदा आणि ५० टक्के किंवा अधिक असेल तिथे दोनदा, असे त्याचे स्वरूप आहे. या कृमींची अंडी काही दिवस ते काही आठवडे मातीत राहिल्याशिवाय संसर्गक्षम होत नाहीत, त्यामुळे ती एका खाटेवरून शेजारच्या खाटेवर थेट जात नाहीत. खाटेवरून खाटेवर जातात ते जिआर्डिया हा आतड्यातला एकपेशीय परजीवी आणि ठेंगणा पट्टकृमी. जिआर्डियाचे दहा-वीस सिस्ट, म्हणजे शौचातून पडणारे त्याचे कवचबंद रूप, पोटात गेले तरी मूल आजारी पडू शकते, आणि अल्बेंडाझोलच्या एका गोळीने तो जात नाही. ठेंगण्या पट्टकृमीला तर सहसा प्राझिक्वांटेल हे वेगळे औषध द्यावे लागते. म्हणून माझे मत असे की सरसकट गोळी बंद करावी, प्रवेशाच्या वेळी आणि नंतर दरवर्षी प्रत्येक मुलाच्या शौचाचे वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने तपासावेत आणि जे सापडेल त्याचेच औषध द्यावे.

बालगृहाच्या अधीक्षक

डॉक्टर, आपले शास्त्र मला मान्य आहे. आपली योजना मान्य नाही. आमच्याकडे साठ मुले आहेत आणि रात्रपाळीला दोन काळजीवाहक. साठ मुलांचे तीन-तीन म्हणजे एकशे ऐंशी डबे होतात. एकदा आम्ही फक्त सात मुलांचे नमुने पाठवले आणि सातही अहवाल अक्षरशः सारखे आले. चौकशी केल्यावर कळले, की सकाळच्या घाईत एकाच मुलाचे शौच सातही डब्यांत भरले गेले होते. जिने ते केले तिच्यावर मी रागावले नाही, कारण त्याच वेळी तिला चौदा मुलांना अंघोळ घालायची होती.

शिवाय ज्या मुलाच्या अहवालात जंत निघतात, त्याचे ताट दुसऱ्या दिवसापासून इतर मुले बाजूला सरकवू लागतात. गोळी सर्वांना मिळते तेव्हा कोणावरच शिक्का बसत नाही. ती बंद करून आपण हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागत आहोत.

प्रयोगशाळा तंत्रज्ञ

दोघांच्याही बोलण्यात एक मोठी गोष्ट राहून गेली आहे. बालगृहांत हमखास आढळणारे बारीक, पांढरे, दोऱ्यासारखे जंत, म्हणजे पिनवर्म, शौचाच्या तपासणीत बहुतेक वेळा सापडतच नाहीत. मादी रात्री गुदद्वाराबाहेर येऊन तिथल्या त्वचेवर अंडी घालते, मूल खाजवते, अंडी नखांत अडकतात आणि काही तासांतच संसर्गक्षम होतात. ती शोधायची तर सकाळी अंघोळीच्या आणि संडासच्या आधी पारदर्शक चिकटपट्टी त्वचेवर दाबून ती काचपट्टीवर लावावी लागते. मोठ्या मुलामुलींच्या बाबतीत हे कोण करणार आणि कसे, याचा विचार डॉक्टरांनी करावा.

दुसरे असे, की आमच्या अहवालात 'अमीबा आढळला' असे लिहिलेले असते तेव्हा तो आमांश करणारा आहे की त्याचा निरुपद्रवी भाऊबंद, हे बहुधा सूक्ष्मदर्शकातून सांगता येत नाही. 'सापडेल त्याचे औषध' हे सूत्र इथे लंगडे पडते. जुलाब हटत नसलेल्या किंवा वजन न वाढणाऱ्या मुलाचे तीन नमुने मात्र अवश्य पाठवावेत, कारण जिआर्डियाचे सिस्ट रोज पडतातच असे नाही.

बालरोगतज्ज्ञ

पिनवर्मचा मुद्दा मला मान्य आहे. तिथे तपासणीचा हट्ट नको. एका मुलात सापडला तर सर्व मुलांना आणि काळजीवाहकांनाही एकाच दिवशी औषध द्यावे. परंतु औषध जंत मारते, अंडी मारत नाही, म्हणून दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा द्यावीच लागते. अंथरुणात आणि कपड्यांत अंडी दोन-तीन आठवडे टिकतात, तेव्हा त्या सकाळी चादरी न झटकता गोळा करून धुवाव्या लागतात आणि सर्वांची नखे कापावी लागतात. सहा महिन्यांची एकटी गोळी यातले काहीच करत नाही. प्रवेशाच्या वेळची तपासणी मात्र मी सोडणार नाही. नव्या मुलाबरोबर काय आत येते आहे, हे कळायलाच हवे.

बालगृहात वाढलेला एक वाचक

आपण तिघेही औषधावरून वाद घालता आहात, म्हणून लिहितो. आमच्या संस्थेत साबण कपाटात कुलूपबंद असे, कारण मुले तो 'वाया घालवतात'. तपासणीच्या दिवशी प्रत्येक नळाशी नवी वडी दिसे आणि संध्याकाळी ती परत कपाटात जाई. हल्ली साबणाऐवजी दारात सॅनिटायझरची बाटली लावून समाधान मानले जाते, पण अल्कोहोलने जंतांची अंडी मरत नाहीत. ती साबण आणि वाहत्या पाण्याने चोळून धुवूनच जातात. संडासच्या दारापासून नळ वीस पावलांवर असेल, तर सात वर्षांचे मूल रात्री तिथपर्यंत जात नाही. मी जात नसे.

बालगृहाच्या अधीक्षक

दोन आठवड्यांनंतरची दुसरी मात्रा मी सुरू करते, आणि जुलाबाच्या मुलांचे नमुने आता परिचारिका स्वतः घेईल. प्रवेशाच्या वेळी सर्वांची तपासणी आणि नियमित गोळी बंद करणे, याला माझा विरोध कायम आहे. आमची मुले जिथून येतात तिथे मातीतले जंतही भरपूर आहेत. साबणाच्या कपाटाबद्दल मी आज विचारले. आमच्याकडेही कुलूप आहे, आणि ते मीच लावायला सांगितले होते.