सत्तावीस की वीस सात? संख्यावाचनाच्या वादाकडे पुन्हा एकदा

अंकलिपी

जून २०१९ मध्ये बालभारतीचे दुसरीचे गणिताचे नवे पुस्तक शाळांत पोहोचले आणि पुढचे काही दिवस महाराष्ट्रात ज्याला त्याला भाषेचा कळवळा आला. एकवीस ते नव्व्याण्णव या संख्या ‘वीस एक’, ‘तीस दोन’, ‘नव्वद सात’ अशाही वाचाव्यात, असे त्या पुस्तकात सुचवले होते. जुनी नावे काढून टाकलेली नव्हती. दोन्ही वाचने शेजारी शेजारी छापलेली होती. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागची दोन कारणे सांगितली: मराठी संख्यानामांतली जोडाक्षरे लहान मुलांना अवघड जातात, आणि आपण संख्या ज्या क्रमाने बोलतो त्याच्या उलट क्रमाने लिहितो. त्यावर गणिताच्या अंगाने चर्चा व्हायला हवी होती. झाले असे की विधानसभेत अजित पवारांनी ‘आता फडणवीसांना फडण दोन शून्य म्हणायचे का’ असा टोला लगावला, आणि वादाचा सूर तिथेच ठरून गेला. नव्या पद्धतीतही वीस हा वीसच राहतो, आणि फडणवीसमधला ‘नवीस’ हा फारसीतला लिहिणारा, म्हणजे चिटणीस-पारसनीसांचा भाऊबंद. पण टोल्याला हिशेब लागत नाही.

मंगलाताई जुलै २०२३ मध्ये गेल्या. हा विषय आज पुन्हा काढण्याचे निमित्त माझी दुसरीतली भाची आहे. परवा तिला संख्या सांगत होतो आणि ती वहीत लिहीत होती. ‘सत्तावीस’ म्हटल्यावर तिने डावीकडे बोटभर जागा सोडून आधी ७ काढला, मग त्या जागेत २ बसवला. उत्तर बरोबर होते, म्हणून मी काही बोललो नाही. पुढे ‘एकशे सत्तावीस’ सांगितले, तेव्हा तिने १ काढला, त्याच्यापुढे ७ काढला, आणि मग २ कुठे ठेवावा हे न कळून तो शेवटी ठेवला. १७२. शंभराचा आकडा आधी ऐकू येतो, मग सुटे, मग दशक. ऐकलेल्या क्रमाने तिने प्रामाणिकपणे लिहिले होते.

दुसरी अडचण नावांच्या घडणीची आहे. दोन या अंकाचे काय काय होते ते एकदा मोठ्याने म्हणून पाहावे: बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. सहाची गत याहून वाईट: सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर. संस्कृत-प्राकृतातून शब्द झिजत आले, त्याची ही खूण आहे आणि भाषेच्या अभ्यासकाला ती मोलाची वाटेल. सहा-सात वर्षांच्या मुलाला मात्र ती पाठ करण्याची आणखी एक यादी असते. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस असे ‘एक उणे’ करत आपण एकोणनव्वदपर्यंत येतो, आणि नेमके नव्व्याण्णवला तो नियमही मोडतो.

माझे म्हणणे एवढेच की पहिली-दुसरीत ‘वीस सात’ ही पायरी म्हणून असावी आणि ‘सत्तावीस’ तिच्या शेजारीच राहावे. समितीवर माझा आक्षेप एकाच बाबतीत आहे. बदल पुस्तकात छापण्याआधी काही तालुक्यांत वर्ष-दोन वर्षे करून पाहायला हवा होता, आणि मुलांच्या वह्यांतल्या चुका मोजून निष्कर्ष लोकांपुढे ठेवायला हवे होते. ते हाताशी असते तर टोल्याला उत्तर देता आले असते.

पाटीवरचा

अंकलिपी, आपण मुद्दा नीट मांडलात, म्हणून सविस्तर विरोध नोंदवतो. मी तेहतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आहे.

पहिली गोष्ट, दशक-एककाचा अर्थ सांगणारे वाचन आपल्या शाळांत आधीपासूनच होते. ‘दोन दशक सात एकक’ असे आम्ही काड्यांचे गठ्ठे हातात घेऊन म्हणवून घेत असू. दहा काड्यांचा गठ्ठा, त्याला रबर, शेजारी सुट्या काड्या. त्यातून स्थानिक किंमत कळत असताना ‘वीस सात’ हे तिसरे नाव कशासाठी? ज्या मुलाला गठ्ठा कळलेला नाही त्याला ‘वीस सात’ म्हणूनही कळणार नाही. ते मूल २०७ लिहील, आणि अशी २०७ लिहिणारी मुले मी पाहिली आहेत.

दुसरी गोष्ट पाढ्यांची. ‘नऊ त्रिक सत्तावीस’ हे तोंडात बसते, कारण त्याला ताल आहे. ‘नऊ त्रिक वीस सात’ म्हणून पाहा, जीभ मध्येच अडखळते. पाढे पाठ असलेले मूल पुढे अपूर्णांकांत आणि भागाकारात किती मोकळे होते, हे चौथी-पाचवीला शिकवणाऱ्याला विचारा. पाढ्यात जुने नाव आणि धड्यात नवे नाव असे केले, तर मुलाला मनात सतत भाषांतर करत राहावे लागेल.

तिसरी गोष्ट आपण विचारातच घेतली नाही. माझ्या शाळेतल्या बहुतेक मुलांच्या आज्यांना अक्षरओळख नव्हती, पण कोंबडीची अंडी विकताना त्यांचा हिशेब एका पैशाने चुकत नसे. गणिताबाबत मूल आणि आजी यांच्यात एकच पूल होता, तो म्हणजे ही संख्यानामे. पुस्तकाने तो पूल हलवला आणि ‘जुनेही ठेवले आहे’ असे सांगितले. परंतु शिक्षक पुस्तकातले पहिले नाव शिकवतो आणि दुसरे वेळ उरला तर, हे शाळेत उभे राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

भाचीने आधी ७ काढून मग २ बसवला, यात मला तर तिचे कौतुक वाटले. दशकाची जागा डावीकडे असते हे तिला कळले आहे; १७२ ही चूक महिन्याभराच्या सरावाने जाईल.

सीमेवरचा

मी निपाणीचा. शाळा मराठी, बाजार कानडी. कानडीत सत्तावीसला ‘इप्पत्तेळु’ म्हणतात, म्हणजे वीस आणि सात, त्याच क्रमाने. तमिळ, तेलुगू आणि मल्याळमही दशक आधी सांगतात. लहानपणी वडिलांच्या दुकानात आकडेमोड करताना मी नकळत कानडीत मोजत असे आणि उत्तर तेवढे मराठीत सांगत असे. हे आळसाने होत होते की सोयीने, याचा विचार मी २०१९ पर्यंत कधी केला नव्हता. मास्तरांच्या पाढ्यांच्या मुद्द्याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही, कारण पाढे मी आजही मराठीतच म्हणतो.

निमकी

पाटीवरचा सर, पाढ्यांचा विषय काढलात म्हणून राहवले नाही. माझे आजोबा ‘बारा बारे चव्वेचाळासे’ म्हणत. एकशे चव्वेचाळीस हे त्यांच्या तोंडी पाढ्यात कधीच येत नसे. शंभराच्या पुढेही लहान भाग आधी आणि शे नंतर, अशी ती रीत होती. पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे सगळे पाढे त्यांना पाठ होते. हे सारे गेले. मी स्वतः ‘बारा बारे एकशे चव्वेचाळीस’ म्हणते आणि तुमच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनीही तेच म्हटले असेल. ताल बिघडला म्हणून तेव्हा कोणी विधानसभेत उभे राहिले नाही. चव्वेचाळासेचे एकशे चव्वेचाळीस झाले तेव्हा मोठा भाग पुढे आला आणि लहान भाग मागे गेला, म्हणजे २०१९ च्या पुस्तकाने सुचवले त्याच दिशेचा बदल मराठीने शंभरापुढे आपणहून करून घेतलेला आहे.

आज्यांचे म्हणाल तर माझी आजी विसांनी मोजत असे. तीन विसा आणि पाच म्हणजे पासष्ट, पाच विसा म्हणजे शंभर. त्यातही मोठा भाग आधीच येतो. तेव्हा ‘वीस सात’ हा क्रम परका आहे, असे जे सांगितले गेले ते मला पटत नाही.

ओस्लोकर

या चर्चेत नॉर्वेचा दाखला यायलाच हवा. इथेही पूर्वी ‘सात आणि वीस’ असेच म्हणत. टेलिफोन क्रमांक लांबत चालले आणि तोंडी सांगताना अंकांची अदलाबदल होऊ लागली, तेव्हा टेलिफोन खात्याच्या आग्रहावरून संसदेने निर्णय केला आणि जुलै १९५१ पासून शाळा, नभोवाणी व सरकारी कामकाज यांत दशक आधी सांगण्याची पद्धत लागू झाली. त्याला आता सत्तर वर्षे उलटून गेली. शाळेत सर्वत्र नवी पद्धत आहे, तरीही माझे वयस्कर शेजारी वय सांगताना जुन्या क्रमाने सांगतात. दोन्ही पद्धती एकत्र नांदतात आणि कोणाचे फारसे अडत नाही. जर्मनीतही शाळांनी ‘वीस एक’ हा क्रम स्वीकारावा म्हणून एक संस्था २००४ पासून खटपट करते आहे. तिथे अद्याप काही बदललेले नाही.

यातून कोणाची बाजू सिद्ध होते ते तुम्हीच ठरवा. मला एक फरक महत्त्वाचा वाटतो. नॉर्वेत मुख्यतः क्रम बदलायचा होता, कारण त्यांची नावे बरीचशी सरळ आहेत. आपल्याकडे क्रम आणि शब्दांची मोडतोड हे दोन वेगळे प्रश्न एकाच वेळी सोडवायला घेतले गेले.

पाटीवरचा

ओस्लोकर, आभारी आहे. आपण म्हणता तो फरक नेमका आहे. निमकीताई, चव्वेचाळासेचा दाखला मला निरुत्तर करणारा आहे हे मान्य करतो. मात्र तो बदल लोकांनी तोंडातून केला, पिढ्यांच्या सवयीने केला. छापील पुस्तकातून एका जूनमध्ये केला नाही. माझा विरोध मुख्यतः त्या जूनला आहे.

कोपऱ्यातला बाक

सर्वांच्या क्षमेने एक कडू गोष्ट. आपण सत्तावीस आणि वीस सात यांवर भांडत असताना सेमी इंग्रजीच्या वर्गात मुले ‘ट्वेंटी सेव्हन’ म्हणत आहेत. तुमच्यापैकी किती जण स्वतःचा मोबाईल क्रमांक मराठीत सांगतात? भाजीवाल्यालासुद्धा आपण ‘नाईन एट’ असेच सुरू करतो. २०१९ मध्ये मराठी वाचवायला निघालेल्यांपैकी अनेकांची नातवंडे अडुसष्ट आणि एकोणसत्तर यांत कुठला मोठा हे विचारल्यावर ‘म्हणजे इंग्लिशमध्ये किती?’ असे विचारतात. माझा स्वतःचा नातू विचारतो, म्हणून लिहिले.

पाड्यावरची शाळा

मी सध्या दुसरीला शिकवते. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांची घरची भाषा मराठी नाही, त्यामुळे आजीचा पूल इथे मुळातच नाही. सत्तावीस हा शब्द मुलांना शाळेतच प्रथम भेटतो. अशा मुलांसाठी साधा हिशेब मी करून पाहिला. जुन्या पद्धतीने नव्व्याण्णवपर्यंत जायला नव्व्याण्णव नावे लक्षात ठेवावी लागतात. नव्या पद्धतीने एक ते वीस ही वीस, आणि तीस ते नव्वद ही सात, एकूण सत्तावीस. (हा योगायोग मुलांना फार आवडतो.)

पाटीवरचा सर म्हणतात ती २०७ ची चूक खरी आहे आणि ती माझ्याही वर्गात होते. त्यासाठी मी पुठ्ठ्याची कार्डे केली आहेत. २० चे कार्ड रुंद, ७ चे अरुंद. मूल ‘वीस’ म्हणत रुंद कार्ड ठेवते आणि ‘सात’ म्हणत अरुंद कार्ड शून्यावर ठेवते. शून्य झाकले जाते, २७ दिसतात, आणि खाली शून्य आहे हे उचलून पाहता येते. हे करताना तोंडात ‘सत्तावीस’ असेल तर हात आधी सातकडे जातो. ‘दोन दशक सात एकक’ म्हटले तर हात अडत नाही, पण त्यात वीस ऐकू येत नाही, आणि मुलाला वीसचे कार्ड शोधायचे असते. तिसरे नाव कशासाठी, याचे माझ्यापुरते उत्तर हे आहे. पाढे मात्र मी जुन्याच नावांनी घेते; तिथे सरांचे बरोबर आहे.

अंकलिपी

कार्डांची कल्पना भाचीवर करून पाहतो. पाढ्यांचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. पायरीचा काळ ठरवताना तो धरावा लागेल, कारण दुसरीतच पाढे सुरू होतात आणि दोन नावे एकाच वर्षी एकमेकांसमोर येतात.

पाटीवरचा

बाई, एक व्यवहारातला प्रश्न. चाचणीत ‘२७ अक्षरांत लिहा’ असा प्रश्न आला आणि मुलाने ‘वीस सात’ लिहिले, तर गुण देता का?

पाड्यावरची शाळा

दुसरीत पूर्ण देते, सर, आणि शेजारी लाल शाईने ‘सत्तावीस’ लिहून ठेवते. तिसरीचे शिक्षक देत नाहीत. त्यावरून आमच्या शिक्षक-खोलीत अजून वाद चालू आहे.