दान : सीमेवरच्या नगराची बायबलमधील कथा आणि उत्खननातील पुरावा

जिज्ञासू वाचक : सबंध इस्राएलचा विस्तार सांगताना बायबलमध्ये 'दानपासून बैरशेबापर्यंत' असे म्हटले जाते. शास्ते या पुस्तकाच्या १८व्या अध्यायानुसार दानवंशीयांनी (इस्राएलच्या एका वंशाने) लईश नावाचे निवांत नगर जाळून तेथे स्वतःची वस्ती केली, तिला दान हे नाव दिले आणि पुढे इस्राएलच्या यराबाम राजाने याच ठिकाणी पूजेसाठी सोन्याचे वासरू स्थापिले. हर्मोन पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या 'तेल दान' (दानचे टेकाड) येथील उत्खननातून यांपैकी कशाला आधार मिळाला आहे?

मातीचे थर : लईशच्या प्राचीनतेला भक्कम आधार आहे. इजिप्तचा राजा तिसरा थुतमोस याच्या नगरांच्या यादीत हे नाव येते. पुरातत्त्वज्ञ अब्राहाम बिरान यांनी १९६६ मध्ये येथे उत्खनन सुरू केले आणि १९७९ मध्ये त्यांच्या चमूला इसवी सनपूर्व अठराव्या शतकाच्या सुमाराचे, कच्च्या विटांच्या कमानींचे वेशीचे द्वार सापडले. ते बांधल्यावर थोड्याच काळात मातीने बुजवले गेले आणि म्हणूनच टिकले. पर्यटकांना ते 'अब्राहामाचे द्वार' म्हणून दाखवतात. त्या नावाला पुरातत्त्वीय आधार नाही.

शिलालेखप्रेमी : माझ्या मते दानचे खरे महत्त्व १९९३ आणि १९९४ मध्ये सापडलेल्या बेसॉल्टच्या तुकड्यांत आहे. इसवी सनपूर्व नवव्या शतकातील या अरामी लेखात एक राजा, बहुधा दमास्कसच्या अराम राज्याचा हजाएल, इस्राएलचा राजा आणि 'दावीदाच्या घराण्या'चा, म्हणजे दक्षिणेकडील यहूदाचा, राजा यांना ठार केल्याची बढाई मारतो. दावीदाच्या राजघराण्याचा बायबलबाहेरचा इतका जुना आणि स्पष्ट उल्लेख यापूर्वी मिळाला नव्हता. मोडलेल्या नावांची पुनर्रचना योग्य मानली, तर हे राजे योराम आणि अहज्या ठरतात. परंतु बायबलमधील '२ राजे' या पुस्तकाच्या ९व्या अध्यायाप्रमाणे त्या दोघांना इस्राएलचाच सेनानी येहू याने मारले. म्हणजे जो दगड घराण्याच्या अस्तित्वाला दुजोरा देतो, तोच त्या कथेतील एका प्रसंगाला आव्हान देतो. अर्थात, विजयलेख लिहिणारा राजा निःपक्षपाती साक्षीदार नसतो, हेही ध्यानात ठेवावे. हा लेख फोडून त्याचे तुकडे बांधकामात वापरले गेले. नगर पुन्हा इस्राएलच्या ताब्यात आल्यावर शत्रूचा स्मारकस्तंभ असा मोडला गेला असावा, हे मत मला पटते.

मातीचे थर : वासराबाबत सांगायचे, तर वासरू सापडलेले नाही. झऱ्याजवळ घडीव दगडांचा मोठा चौथरा आणि वेदीच्या शिंगाचा दगड मिळाला, त्यामुळे तेथे मोठे पूजास्थान होते हे निश्चित. मात्र त्याचा सर्वांत जुना टप्पा यराबामाच्या काळातला, असे बिरान मानत, तर काही अभ्यासक त्याला पुढच्या काळात नेतात. सीमेवरचे नगर असल्याने ते अराम आणि इस्राएल यांच्यात हात बदलत राहिले आणि कोणता थर कोणत्या राजाचा, हा वाद त्यातूनच उद्भवतो. शेवटी इसवी सनपूर्व ७३२च्या सुमारास अश्शूरचा तिसरा तिग्लथ-पिलेसर याच्या स्वारीत हा सगळा प्रदेश इस्राएलच्या हातून गेला.

जिज्ञासू वाचक : आभारी आहे. परंतु हे टेकाड म्हणजेच दान, हे कशावरून ठरले?

शिलालेखप्रेमी : टेकाडाचे जुने अरबी नाव 'तेल अल-कादी', म्हणजे न्यायाधीशाचे टेकाड, आणि हिब्रू 'दान' या नावाचा अर्थही न्याय करण्याशी जोडलेला आहे, त्यावरून एकोणिसाव्या शतकातच तसा तर्क झाला होता. पुढे १९७६ मध्ये त्याच पूजास्थानाच्या परिसरात ग्रीक आणि अरामी अशा दोन भाषांतील लेख मिळाला, ज्यात एका भक्ताने 'दानमधील देवा'ला केलेल्या नवसाची नोंद आहे. तो ग्रीक राजवटीच्या काळातला आहे. म्हणजे इस्राएलचे राज्य लयाला जाऊन कित्येक शतके लोटल्यावरही तेथे नवस बोलले जात होते.