पहिली २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांबची सायकलफेरी) करायची आहे, पण गगनबावड्याच्या वाटेवर अर्ध्यातच पाय गेले. तयारी कशी करू?

बावडेकरीण
नमस्कार. वय ४३, पतपेढीत नोकरी, राहते कसबा बावड्यात. दोन वर्षांपूर्वी गिअरची हायब्रिड सायकल घेतली. रोज पहाटे रंकाळ्याला जाऊन येते, महिन्यातून एखाद्या रविवारी पन्हाळा. पन्हाळ्याचा चढ आता न उतरता चढते.

डिसेंबरात २०० किमीची बीआरएम आहे. कोल्हापुरातून महामार्गाने निपाणी, तवंदी घाट, संकेश्वर करत बेळगावच्या अलीकडे काकतीपर्यंत जायचं आणि परत यायचं. आमच्या सकाळच्या ग्रुपमधल्या सहा जणांनी नाव घालायचं ठरवलंय. मलाही घालायचंय, अगदी मनापासून.

पण मागच्या रविवारी सरावाला गगनबावड्याला निघालो. जाऊन-येऊन ११० किमी. कळ्यापर्यंत सगळे २७-२८ च्या वेगाने पळत होते, मीही त्यांच्या मागे लागले. खायचं लक्षात राहिलं नाही, पाणी अर्धी बाटली. साळवणच्या पुढे दोन्ही मांड्यांत असे गोळे आले की रस्त्याकडेला बसून रडले. सायकल पिकअपमध्ये घालून घरी आणली. ग्रुपमधले एक जण म्हणाले, "तुम्ही २०० च्या भानगडीत पडू नका." तेव्हापासून झोप नाही.

अकरा आठवडे हातात आहेत. सरावाला किती वेळ द्यावा? आणि बायकांसाठी एक प्रश्न : हायवेवर लघवीचं काय करता? या भीतीनेच मी पाणी कमी पिते.

गंगावेस
ताई, नाव घाला. तुम्हाला ११० किमी जड गेले नाहीत, २८ चा वेग जड गेला.

गणित मांडून बघा. २०० किमीला वेळ मिळतो साडेतेरा तास. तुम्ही १८ च्या वेगाने चाललात तरी सायकलवर अकरा तासांपेक्षा थोडाच जास्त वेळ जातो. दोन-सव्वादोन तास हातात राहतात. बहुतेकांचे ते थांब्यांवर जातात. चहाला उतरलं की फोटो, मग गप्पा, मग कुणीतरी मागे राहिलंय त्याची वाट. माझी पहिली २०० मी अशीच घालवली. पाय ठणठणीत होते आणि कंट्रोल पॉइंट (वाटेत शिक्का घ्यायचं ठिकाण) बंद होऊन दहा मिनिटं झाली होती. तेव्हापासून उतरताना घड्याळ बघतो आणि दहाव्या मिनिटाला पुन्हा सीटवर असतो.

१०० किमीचा कंट्रोल ६ तास ४० मिनिटांनी बंद होतो. सकाळी ६ ला सुटलात तर १२:४० च्या आत काकती.

सरावाचं म्हणाल तर आठवड्यात दोन दिवस तास-सव्वा तास, तेवढं बास. रविवारचं अंतर मात्र हळूहळू वाढवा. आधी नृसिंहवाडी जाऊन-येऊन, ते जमलं की राधानगरी, मग पुन्हा गगनबावडा, या वेळी तुमच्या वेगाने आणि एकट्याने. दर चौथ्या आठवड्याला अंतर कमी करून पायांना विसावा द्या. बीआरएमच्या दोन आठवडे आधी एकदा १४०-१५० झाले की पुरे, २०० सरावात करायची गरज नाही. चढाला जड गिअर ओढत बसू नका. हलका गिअर, पाय भरभर फिरवायचे, गुडघे वाचतात.

खाणं भूक लागायच्या आधी. मी दर अर्ध्या तासाला अर्धं केळ किंवा गुळाचा खडा तोंडात टाकतो. आपल्या गुळाइतकं सोपं इंधन दुसरं नाही. पाण्यात मीठ-साखर-लिंबू. जेवणाच्या थांब्यावर तांबड्या रश्श्याला हात लावू नका, दहीभात खा. रस्सा दुसऱ्या दिवशी.

निपाणीची सून
पाणी कमी करू नका हो ताई! मी तीन बीआरएम केल्यात. महामार्गावर मोठे पेट्रोल पंप ठरवून ठेवते. सरावाच्या वेळीच आत जाऊन बघायचं, कडी आहे का, पाणी आहे का. ज्या दोन-तीन ठिकाणी बरं असतं ती वहीत लिहून ठेवलीत. लागो न लागो, तिथे उतरायचंच. गोळे पाणी न प्यायल्यानेही येतात.

आणि गादीची सायकलिंग शॉर्ट घ्या, आत काही घालू नका, शिवणीच्या जागी पेट्रोलियम जेली लावा. लाजून कुणी सांगत नाही, मग शंभरच्या पुढे कातडी सोलवटते.

फिजिओ_राजारामपुरी
तळहात बधिर होत असतील तर हँडलवरची पकड दर दहा मिनिटांनी बदला, कोपर सैल ठेवा. सीटची उंची अशी हवी की पेडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. सीट खाली असली की गुडघ्याच्या पुढे दुखतं.

कागल_ते_कुठेही
मी एकाच गोष्टीसाठी लिहितोय. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि तुमची वेळ संपते साडेसातला. म्हणजे शेवटचा तास-दीड तास अंधारात, तोही गळीत हंगामात. उसाच्या जोड-ट्रॉल्या रस्त्यावर असतात, कित्येकींना मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. समोरच्या वाहनाच्या झोतात ती ट्रॉली दिसतच नाही. माझ्या मित्राने तशा ट्रॉलीला मागून धडक दिली, खांदा मोडला. पुढचा दिवा चांगला जोरदार घ्या, मागे दोन लावा, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट दिवस मावळायच्या आधीच अंगात. तवंदीचा उतार येताना ब्रेक हातात ठेवून उतरा.

ग्रुपने जाताना एका ओळीत चाला. पुढच्याच्या मागे राहिलं की वारा कमी लागतो, पण चाकाला चाक लावू नका. पुढच्याने "खड्डा" म्हणून ओरडायचं, मागच्याने ते मागे पोचवायचं. शिवाय ट्रकच्या फुटलेल्या टायरच्या तारा कडेला पडलेल्या असतात, पंक्चर त्यांनीच होतं. घरी दहा वेळा ट्यूब बदलून बघा. बीआरएमला मागे गाडी ठेवता येत नाही.

बावडेकरीण
(अकरा आठवड्यांनी)
झाली! शेवटचा शिक्का ७:०५ चा, म्हणजे १३ तास ५ मिनिटं.

सगळं लिहिते. पहिल्या पाच किलोमीटरलाच ग्रुपमधले तिघे पुढे गेले. मी १९ च्या वर गेले नाही. छातीत धडधड होत होती, एकटी पडले की काय असं वाटत होतं. कागलच्या पुढे माझ्यासारखेच सावकाश चाललेले दोघे भेटले, एक सांगलीचे काका आणि एक कॉलेजचा मुलगा. तिथून शेवटपर्यंत आम्ही तिघे आळीपाळीने पुढे. तवंदी घाटात हलका गिअर टाकला आणि पाय फिरवत राहिले. वर पोचले तेव्हा गोळा नाही, धाप नाही, डोळ्यांत पाणी तेवढं आलं.

काकतीला ११:५० ला शिक्का. राणी चन्नम्मांचं जन्मगाव, तिथल्या मातीला नमस्कार करून निघाले. दहीभात, बारा मिनिटं. गंगावेस दादा, उतरताना घड्याळ बघितलं.

येताना संकेश्वरच्या अलीकडे मागचं चाक बसलं. तारच होती, नखाएवढी. काका मदतीला वाकले, मी म्हटलं मला करू द्या. अठरा मिनिटं लागली, पण ट्यूब मी बदलली. निपाणीच्या ताई, तुमच्यासारखेच वहीत लिहून ठेवलेले दोन्ही पंप उपयोगी पडले. चार बाटल्या पाणी मी घरातसुद्धा कधी प्यायले नव्हते.

कागलनंतर अंधार. दिवे नसलेल्या तीन ट्रॉल्या मोजल्या. काका पुढून "ट्रॉली" ओरडायचे, मी मागे मुलाला सांगायचे.

एक विचारायचंय. आज तिसरा दिवस आहे, डाव्या हाताची करंगळी अजून बधिर आहे. काळजीचं आहे का?

फिजिओ_राजारामपुरी
अभिनंदन! हँडलवर तळहाताच्या कडेची नस दबली की असं होतं. आठवडाभर सायकलला सुट्टी. बहुतेकदा काही दिवसांत ओसरतं. पण डबीचं झाकण उघडताना जोर कमी वाटला, बोटं नीट पसरता येईनात किंवा बधिरपणा वाढला, तर थांबू नका, डॉक्टरांना हात दाखवा. पुढच्या वेळी हातमोजे जाड गादीचे घ्या आणि हँडल थोडं वर घेऊन बघा.

बावडेकरीण
झाकण आत्ताच उघडून बघितलं, उघडतंय. ३०० ची कधी आहे?