धोदाणीहून माथेरानला पायी: आईला आणि मुलाला घेऊन जमेल का?

गाढीकाठ:
नमस्कार मंडळी. डिसेंबरात एखाद्या रविवारी पनवेलकडच्या धोदाणी गावातून चालत माथेरानला जायचं डोक्यात आहे. आम्ही नेरूळला राहतो, सोबत आई (वय ६३, रोज सकाळी चालते, गुडघे ठणठणीत, पण डोंगर चढून बरीच वर्षं झाली) आणि १० वर्षांचा मुलगा. नेरळकडून टॅक्सीने गेलोय, ही बाजू अजिबात बघितलेली नाही. चढ कितपत आहे, एक्सपोज्ड पॅच (बाजूला सरळ दरी असलेले टप्पे) वगैरे आहेत का, पाणी किती न्यायचं, आणि गाडी धोदाणीत लावून त्याच वाटेने परत यावं का? आईला घरी ठेवून जायचं नाहीये, तिलाच सगळ्यात जास्त यायचंय.

रानवाट:
नक्की न्या आईंना. चढ सलग आहे पण हात लावून चढायला लागेल असं काही नाही, सुरुवातीला शेतांच्या कडेने, मग रानातून आणि शेवटी दगडधोंड्यांची चढण, ती थेट सनसेट पॉइंटवर निघते. सवयीच्या माणसाला दोन-अडीच तास, तुम्ही निवांत साडेतीन धरा. एक गोष्ट मात्र पाळा, ती म्हणजे वेळ. हा डोंगराचा पश्चिमेकडचा उतार आहे त्यामुळे सकाळी सूर्य डोंगराच्या मागे असतो आणि बराच वेळ सावलीतून चढता येतं, ९-१० नंतर निघालात तर डिसेंबरातसुद्धा घामाघूम व्हाल. उजाडताना चालायला लागा. माणशी दोन लिटर पाणी, मुलाच्या सॅकमध्ये त्याचं त्यालाच घेऊ द्या.

वाडीवस्ती:
वरच्यांशी सहमत, फक्त एक सांगावंसं वाटतं. ही वाट एवढी मळलेली आहे ती खालच्या वाड्यांतल्या लोकांमुळे. दूध, भाजी, उन्हाळ्यात करवंदं-जांभळं, सगळं डोक्यावर घेऊन ही माणसं याच वाटेने माथेरानच्या बाजारात जात आलीत, त्यांच्यासाठी ती कामावर जायची वाट आहे. ओझं घेऊन बाया येताना दिसल्या की डोंगराच्या अंगाला सरकून उभं राहा आणि त्यांना पुढे जाऊ द्या, भरलेली पाटी डोक्यावर असताना मधेच थांबणं फार जड जातं. त्यांच्याकडे बघितलंत तर चढायचं कसं तेही कळतं, जुन्या लुगड्याच्या कापडाची घट्ट चुंबळ, पाऊल आखूड, वेग पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच, आणि बसायच्या जागा ठरलेल्या, तिथले दगड बसून बसून गुळगुळीत झालेत. आईंना त्याच चालीने चालू द्या, अजिबात दमणार नाहीत. आणि शक्य असेल तर गावातलंच कुणीतरी सोबत घ्या, पैसे आधी ठरवून रीतसर द्या. वरच्या रानात ढोरवाटा फुटतात, मुलगा पुढे पळाला तर चुकायला नको. शिवाय झाडं, पाखरं, कुठल्या ओढ्याला कधीपर्यंत पाणी असतं हे त्यांच्याइतकं कुणी सांगू शकत नाही.

कर्जत_लोकल:
गाडी धोदाणीत लावू नका. मग दुपारी त्याच वाटेने उतरावं लागेल आणि तेव्हा पश्चिमेचं ऊन पूर्ण तोंडावर येतं, वर उताराला गुडघ्यांची वाट लागते ती वेगळीच. पनवेल स्टँडवरून धोदाणीची एसटी आहे, पहिल्या गाडीची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा. वर पोचलात की सनसेट पॉइंटवरून आरामात बाजारात या, जेवा, शार्लोट लेकजवळच्या पिसारनाथाचं दर्शन घ्या आणि दस्तुरी नाक्याकडून (गाड्या इथपर्यंतच येतात) नेरळला उतरा. बाजारापासून दस्तुरी अडीच-तीन किलोमीटर, लाल मातीचा रस्ता, कंटाळा आला तर माथेरान ते अमन लॉज (दस्तुरीजवळचं स्टेशन) शटल ट्रेन आहे. दस्तुरीला टॅक्सी मिळते. १९०७ची मिनी ट्रेन नेरळपर्यंत जाते पण रविवारी तिकिटाच्या भरवशावर राहू नका. नेरळहून लोकलने ठाणे, तिथून ट्रान्स हार्बरने नेरूळ.

चौकवाला:
आमच्या चौकच्या बाजूने वन ट्री हिलला येणारी वाटपण छान आहे, १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट पहिल्यांदा माथेरानवर चढला तो चौकवरूनच. पण आई सोबत आहेत तर धोदाणीच बरी, आमच्याकडे शेवटचा टप्पा जास्त अंगावर येतो. पावसाळ्यात मात्र दोन्हीकडून नको. जुलैत तिकडे पाऊस कसा कोसळतो ते बघितलंय, ओढे बघता बघता फुगतात आणि दगडांवर शेवाळ धरतं, लहान मुलाला घेऊन तर विचारच करू नका.

गाढीकाठ:
खूप आभार सगळ्यांचे! एसटीने जाऊन नेरळला उतरायचं नक्की केलं, आईला वाचून दाखवलं तर ती लगेच बूट शोधायला लागली. एकच विचारतो, सकाळी गावात नाश्त्याची सोय होईल का?

वाडीवस्ती:
एवढ्या सकाळी धरून चालू नका, घरून पोळीभाजी न्या. सोबत येणाऱ्या माणसासाठीपण एक डबा जास्तीचा घ्या. बसायच्या जागी खा आणि कागद-पिशव्या परत सॅकमध्ये, तिथे झाडायला कुणी येत नाही. सनसेट पॉइंटवर पोचलात की पिशवी हातात ठेवू नका, माकडं हिसकावतात. समोर प्रबळगड दिसेल, तो मुलाला नक्की दाखवा.