अर्धशिशीसाठी नस उत्तेजित करणारे उपकरण: गोळ्या खरोखर कमी होतात का?

निशिगंध
गेली अकरा वर्षे मला अर्धशिशीचा त्रास आहे. महिन्यातून सात-आठ दिवस डोके उठते, डाव्या भुवईपाशी सुरू झालेली ठणक मानेपर्यंत उतरते आणि मग उजेड, आवाज, वास यांपैकी काहीच सहन होत नाही. प्रतिबंधक म्हणून दिलेल्या एका औषधाने दिवसभर गुंगी येत असे, दुसऱ्याने वजन वाढले, त्यामुळे दोन्ही बंद करावी लागली. आता डॉक्टरांनी कपाळावर लावायचे, विजेच्या सौम्य स्पंदनांचे उपकरण सुचवले आहे. ज्यांनी ते वापरले, त्यांच्या गोळ्या कमी झाल्या का, आणि गुण येतो आहे की नाही हे किती दिवसांनी ठरवावे?

औदुंबर
भुवयांच्या वरून कपाळावर जाणाऱ्या नसा या ट्रायजेमिनल नसेच्या, म्हणजे चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या नसेच्या, शाखा आहेत आणि अर्धशिशीच्या वेदनेचा मार्ग मुख्यतः याच नसेतून जातो. त्या शाखांना रोज ठरावीक वेळ उत्तेजित करून मेंदूची वेदनेबाबतची संवेदनशीलता हळूहळू उतरवावी, अशी यामागची कल्पना आहे. बेल्जियममध्ये ६७ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज २० मिनिटे, तीन महिने हा उपचार दिला गेला. ज्यांचे अर्धशिशीचे दिवस निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटले, अशांचे प्रमाण खऱ्या उपकरणाच्या गटात सुमारे ३८ टक्के, तर नाममात्र प्रवाह देणाऱ्या लुटुपुटुच्या उपकरणाच्या गटात सुमारे १२ टक्के होते. आपण विचारलेल्या गोळ्यांचे प्रमाणही खऱ्या गटात एक तृतीयांशाहून थोडे अधिक घटले.

मात्र मला या आकड्यांकडे जरा सावधपणे पाहावेसे वाटते. खऱ्या उपकरणाच्या मुंग्या स्पष्ट जाणवतात, त्यामुळे आपल्या वाट्याला कोणते उपकरण आले याचा अंदाज रुग्णाला येऊ शकतो, आणि गोळीच्या चाचणीत ही अडचण एवढी तीव्र नसते.

कोरा कागद
मी असेच एक उपकरण दीड वर्षापासून वापरते आहे. पहिल्या दिवशी मी ते सहाव्या मिनिटाला काढून ठेवले होते, कारण सुरुवातीच्या मुंग्या वाढत वाढत कपाळावर कोणी बारीक सुया टोचत असल्यासारखे वाटू लागले. प्रवाह सोसवेल तिथेच बटण दाबून थांबवता येतो, हे माहितीपत्रक नीट वाचल्यावर कळले. दुसरी चूक म्हणजे तोंडाला क्रीम लावून मी पट्टी चिकटवत असे. ती एका बाजूने सुटली की उरलेल्या जागी झटका बसल्यासारखे होते. कपाळ धुऊन, कोरडे करूनच पट्टी लावावी. रात्री झोपण्यापूर्वीची वेळ मला सोयीची पडली, कारण नंतर हमखास पेंग येते. माझे नऊ दिवसांचे पाच-सहा दिवस झाले. गोळी सुटलेली नाही.

निशिगंध
दुखणे सुरू झाल्यावरही ते लावता येते का? त्या वेळी मला कपाळाला केसाचा स्पर्शही नकोसा होतो.

औदुंबर
कपाळाच्या उपकरणात त्यासाठी वेगळा, एक तासाचा कार्यक्रम असतो. पण स्पर्श सहन होत नसेल, तर दंडावर बांधायच्या उपकरणाविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे. ते मोबाइलवरून चालते आणि झटका सुरू होताच ४५ मिनिटे लावतात; शरीराच्या एका भागातील, वेदना न करणारी पण ठळक संवेदना दुसरीकडची वेदना दाबते, या तत्त्वावर ते बेतलेले आहे. २०१९ च्या चाचणीत दोन तासांनी आराम पडल्याचे खऱ्या गटातील सुमारे ६७ टक्के, तर लुटुपुटुच्या उपकरणाच्या गटातील सुमारे ३९ टक्के रुग्णांनी सांगितले. मानेवर धरून व्हेगस नस (मेंदूतून मानेवाटे छाती-पोटाकडे जाणारी नस) उत्तेजित करणारेही एक उपकरण आहे.

पेसमेकर किंवा शरीरात बसवलेले अन्य विद्युत उपकरण असल्यास यांपैकी काहीही स्वतःच्या मनाने लावू नये. किती दिवसांनी ठरवावे, याचे उत्तर मी तीन महिने असे देईन, पण आधीच्या निदान एका महिन्याची नोंद हाताशी हवी. तारीख, दुखण्याचे तास आणि गोळी, एवढे तीन रकाने पुरेत. त्यातील गोळीचा रकाना आजच मोजून पाहा, कारण ट्रिप्टान (अर्धशिशीच्या झटक्यावर घ्यायची खास औषधे) महिन्यातून दहा किंवा अधिक दिवस आणि साधी वेदनाशामके पंधरा किंवा अधिक दिवस, असे महिनोन्‌महिने चालू राहिले, तर गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. तसे असेल तर उपकरणाच्या आधी तो प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवावा लागेल.