जेमिनिड्सचे फोटो: यातली उल्का कुठली आणि सॅटेलाइट कुठला?

मसाला_दूध
मंडळी, जरा मदत करा. १३ डिसेंबरला जेमिनिड्स उल्कावर्षावासाठी भंडारदऱ्याला गेले होते, उल्कांचे फोटो पहिल्यांदाच. क्रॉप (छोट्या) सेन्सरचा कॅमेरा, सोबत आलेली किट लेन्स १८ मिमीला, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ३.५, शटर २० सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६००. रात्री दीडला रिमोटचं बटण लॉक केलं, म्हणजे एकामागोमाग फोटो आपोआप निघत राहतात, आणि साडेपाचपर्यंत कॅमेऱ्याला हात लावला नाही, गोधडी पांघरून नुसत्या डोळ्यांनी मोजत बसले, चाळीसनंतर मोजणं सोडून दिलं. आणि घरी येऊन बघते तर ३५० फोटोंत मोजून चार रेघा! एक २:१२ ची, छोटीशी, दोन्ही टोकं निमुळती, हिरवट. एक ३:४० ची, तशीच पण पांढरी. एक ५:१७ ची, लांबलचक, एकसारखी जाड, ती पुढच्या फ्रेममध्येही आहे पण दोन्ही फोटो जोडले तर मधे तेवढीच मोठी गॅप. चौथीत लाल-पांढरे ठिपके आहेत, ते विमान हे मलाही कळलं 😄 बाकी तिघींचं काय? आणि माझ्या उरलेल्या उल्का गेल्या कुठे??

गच्चीवरचा
ताई, ५:१७ चा सॅटेलाइट, शंकाच नको. उल्का सेकंदभरात विझते, ती पुढच्या फ्रेममध्ये कशाला येईल. वेळ पण बघा ना, सॅटेलाइटला स्वतःचा दिवा नसतो, त्याच्यावर ऊन पडलं तरच तो दिसतो, म्हणून ५००-६०० किमीवरचे ते स्टारलिंक वगैरे दिसणार संध्याकाळी नाहीतर पहाटे. डिसेंबरात रात्री दोनला आपल्या डोक्यावर पृथ्वीची सावली असते, तिथून सॅटेलाइट गेला तरी काळोखातच जाणार. २:१२ ची उल्काच.

पण मला ती गॅप खटकली. चार तास म्हणजे १४,४०० सेकंद, २० सेकंदांची फ्रेम आणि मधे एखादा सेकंद धरला तर ६८० च्या आसपास फोटो हवे होते. निम्मेच कसे? मेनूत लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन (जास्त वेळाच्या फोटोतले दाणे घालवणारी सोय) चालू राहिलं होतं का? ते चालू असलं की प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा शटर बंद ठेवून तेवढाच वेळ एक काळी फ्रेम घेतो, म्हणजे तुमचा कॅमेरा अर्धी रात्र डोळे मिटून बसला होता.

सावजीप्रेमी
थोडं अवांतर, पण २०२२ च्या गुढीपाडव्याची संध्याकाळ आठवली, २ एप्रिल. आम्ही नागपूरला गच्चीवर, आणि आभाळातून जळते तुकडे रांगेनं चाललेले, आरामात, घाई नाही. सगळे उल्का उल्का ओरडत होते, मी पण. नंतर कळलं की चिनी रॉकेटचा भाग असावा, चंद्रपूरकडे सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला भलीमोठी धातूची रिंग पडलेली सापडली. तेव्हापासून माझा हिशोब सोपा, बायकोला हाक मारून ती बाहेर येईपर्यंत दिसत राहिलं तर उल्का नाही.

ट्रायपॉड_विसरलो
हा हा, वहिनी किती वेळात येतात त्यावर आहे ते!
@मसाला_दूध, आयएसओ १६०० कमी पडला. तारा पूर्ण २० सेकंद जवळपास त्याच पिक्सेलवर बसलेला असतो, उल्का मात्र एका पिक्सेलवर क्षणभरही थांबत नाही, त्यामुळे शटर १० ठेवा नाहीतर ३०, उल्का तेवढीच उजळ येणार, फक्त मागचं आकाश पांढरं होत जाणार. शटर वाढवू नका, ३२०० ला जा आणि जमलं तर जास्त प्रकाश आत घेणारी एफ २.८ ची वाइड लेन्स भाड्याने घ्या. शिवाय डोळ्यांनी तुम्ही मान फिरवून अख्खं आकाश बघत होतात, लेन्सला १८ वर त्यातला सातवा-आठवा हिस्सा दिसतो, बारीक उल्का तर सेन्सरवर उमटतच नाहीत.
३:४० वालीचं असं करा, फोटोवर पट्टी धरा आणि रेघ मागे ओढा. पुनर्वसूचे दोन तारे आहेत ना, त्यातल्या कॅस्टरजवळ गेली तर जेमिनिड, त्या सगळ्या तिथूनच निघाल्यासारख्या दिसतात. दुसरीकडेच गेली तर फुटकळ उल्का, अशा कुठल्याही रात्री पडतात.

मसाला_दूध
नॉइज रिडक्शन चालूच होतं 🤦‍♀️ दिवाळीत घरच्या दिव्यांचे फोटो काढताना मीच लावलेलं, बंद करायचं राहिलं. लॅपटॉपवर खरोखरची पट्टी धरली, आई म्हणाली हे काय नवीन. २:१२ ची बरोब्बर कॅस्टरपाशी जाते!! ३:४० ची भलतीकडेच, म्हणजे फुटकळ.
ऑगस्टच्या पर्सिड्स उल्कावर्षावाला आपल्याकडे ढगच असतात, त्यामुळे आता ३ जानेवारीच्या रात्री क्वाड्रंटिड्सच्या वर्षावाला परत जाते. पुण्यात २.८ ची लेन्स दोन दिवसांना कितीला मिळते, कोणी घेतलीये का? आणि डिपॉझिट किती ठेवायला लागतं?